बिनतारी नाद आणि मोकळा कान

डोळ्यांस पापण्या आहेत, मुखास ओठ आहेत. परंतु कानास मात्र निसर्गानें झांकण दिलेलें नाहीं. मनुष्य निजला तरी त्याचे कान पहाऱ्यावर असतात. गोठ्यांतील गाईनें रात्रीं दावें ओढलें कीं शेतकरी जागा होतो. पाळण्यांतील मूल कुरकुरलें कीं आई उठून बसते. पाहण्यास उजेड लागतो व दृष्टि वळवावी लागते. ऐकण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. पाठीमागून, अंधारांतून, उसाच्या आडून येणारी वार्ता आपणांस प्रथम कानच देतात.

या पहारेकऱ्यास आपण हल्लीं स्वतःच्या हातानें बोळे घालूं लागलों आहों. मोबाइलवरील गाणीं, बातम्या व पाठ ऐकण्यासाठीं जे लहान इयरबड सर्वत्र दिसतात, त्यांची मऊ सिलिकॉनची टोपी कानाच्या नळींत घट्ट बसते आणि बाहेरचा आवाज अडविते. या दोषावर उतारा म्हणून आतां निराळ्या जातीचे इयरबड बाजारांत आले आहेत. ते कानांत शिरत नाहींत; कानाबाहेर राहूनच ऐकवितात. त्यांना ओपन-इयर इयरबड म्हणतात. आरंभीं ही महाग वस्तु होती. सोनी कंपनीनें २०२२ सालीं मध्यभागीं भोंक असलेला इयरबड काढला, बोस कंपनीनें २०२४ सालीं कानाच्या कडेला धरणारा काढला. आज तीच कल्पना दोन ते पांच हजार रुपयांच्या साधनांतहि मिळूं लागली आहे. तेव्हां मुलें मागणी करणार आणि पालक विचारणार, कीं यांचा आवाज बरा असतो काय? कान दुखतो काय? पैसे खर्चावे काय? प्रस्तुत पाठांत या प्रश्नांचा क्रमानें विचार करूं. जुन्नर आणि आंबेगांव या आपल्या तालुक्यांत त्यांत आणखी एक प्रश्न मिसळतो. तो जीविताच्या सुरक्षिततेचा आहे. त्याकडे शेवटीं वळूं.

साधनाची रचना

कानाचे तीन भाग आपण शरीरशास्त्रांत शिकतों. बाहेरची पाळ व सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी हा पहिला भाग. पडद्यामागील हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांचा दुसरा; आणि शंखाच्या आकाराचा, द्रवानें भरलेला तिसरा. नेहमींचा इयरबड नळीच्या तोंडांत बुचासारखा बसतो. ओपन-इयर इयरबड नळीच्या बाहेर राहतो. याचे दोन प्रकार आहेत. एक चष्म्याच्या काडीप्रमाणें कानावरून मागें वळणाऱ्या आंकड्यानें लटकतो. दुसरा चिमट्यासारखा कानाच्या कडेस धरतो. आपल्याकडील स्त्रियांची बुगडी व पुरुषांची भिकबाळी कानाच्या वरच्या कडेस असते; हा चिमटा तिच्याहून किंचित् खालीं बसतो, आणि त्यासाठीं कान टोंचावा लागत नाहीं. दोहोंतहि एक लहानसा स्पीकर नळीच्या तोंडाकडे रोखलेला असतो.

हाडांतून ऐकविणारीं साधनें निराळीं; त्यांचा यांच्याशीं घोटाळा करूं नये. स्वरकांटा वाजवून त्याचा दांडा कानामागील हाडावर टेकविला तर नाद हाडांतून आंतल्या कानाला पोंचतो; या गुणाचा उपयोग करून बहिरेपणाची परीक्षा कशी करावी, हें जर्मन वैद्य रिन्ने यानें १८५५ सालीं दाखविलें. ओपन-इयर इयरबड मात्र नेहमींच्या मार्गानें, म्हणजे हवेंतूनच, नाद पोंचवितात.

बिनतारी निरोप

तार नसतां मोबाइलमधील गाणें कानापर्यंत कसें जातें? याचें उत्तर समजण्यास आपणांस दूर जावयास नको. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० बशा या मुलुखांत पसरलेल्या असून त्या आकाशांतून येणारे रेडिओतरंग टिपतात. विश्वांतील हायड्रोजन वायु जे तरंग सोडतो त्यांची लांबी २१ सेंटिमीटर असते. ते टिपणें हें या दुर्बिणीच्या कामांपैकीं एक होय. मोबाइल व इयरबड यांच्यामध्यें धांवणारे ब्लूटूथचे तरंग त्याच कुळांतले, फक्त आंखूड, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटिमीटरांचे असतात.

रेडिओतरंग म्हणजे आवाज नव्हे, हें येथें ध्यानांत धरावें. आवाजाला हवा लागते व तो सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. रेडिओतरंगाला हवा लागत नाहीं व तो सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. मोबाइल गाण्याचे आंकडे करितो, ते दाबून लहान करितो, रेडिओतरंगांवर चढवून पाठवितो. इयरबड ते आंकडे उतरवून घेऊन पुन्हां त्यांचा आवाज करितो. या विद्येचा आरंभ १९९४ सालीं स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत झाला, आणि तिला दहाव्या शतकांतील हॅरल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचें नांव मिळालें. हा निरोप साधारणतः दहा मीटरांच्या आंत चांगला चालतो. इतर यंत्रांचे तरंगहि त्याच पट्ट्यांत असल्यामुळें टक्कर टाळण्यासाठीं तो सेकंदाला १६०० वेळांपर्यंत आपली जागा बदलतो.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी कळतात. आपल्या शरीरांत पाणी पुष्कळ असतें आणि पाणी हे तरंग शोषून घेतें. म्हणून मोबाइल मागच्या खिशांत असला तर गाणें मधून मधून तुटतें. दुसरी गोष्ट अशी, कीं गाणें ऐकतांना सर्व वाट एकाच दिशेस मोकळी असते. परंतु फोनवर बोलूं लागलें, कीं येणारा व जाणारा असे दोन आवाज त्याच वाटेनें न्यावे लागतात, आणि दर्जा उतरतो. गाणें गोड पण बोलणें डब्यांतून आल्यासारखें, अशी जी स्वस्त साधनांविषयीं तक्रार असते, तिचें एक कारण हें आहे. माळशेज घाटांत किंवा नाणेघाटाच्या तोंडाशीं उभें राहून बोललें तर वारा सरळ माइकावर आदळतो व पलीकडच्यास केवळ घोंघावणें ऐकूं येतें.

आवाजाचा दर्जा

नारायणगांव ही तमाशाची पंढरी. चैत्रांतील यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठीं फडांच्या राहुट्या येथें पडतात, आणि विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? तेव्हां आवाजाची परीक्षा ढोलकीवरच करूं. ढोलकीच्या एका तोंडांतून खर्जाचा, पोटांत घुमणारा नाद निघतो. दुसऱ्या तोंडांतून टणत्कारी, वरच्या सुराचा. ओपन-इयर इयरबडांतून लावणी ऐका. गाणारणीचे शब्द स्वच्छ येतात, तुणतुणें येतें, हलगीचा कडकडाट येतो, ढोलकीची वरच्या सुराची बाजूहि येते. पण खर्जाचा घुमारा पातळ होतो. पैसे अधिक मोजले तर हा दोष कमी होतो, पण समूळ जात नाहीं.

हें कां होतें, तें सायकलच्या पंपावरून समजेल. पंपाचें तोंड बोटानें दाबून दट्ट्या लोटा. बोटाला जोर जाणवतो. बोट काढून लोटा. हवा पसार होते व जोर लागत नाहीं. बुचाच्या इयरबडांत कानाची नळी ही दाबून धरलेल्या पंपासारखी असते. स्पीकरचा पडदा थोडा हलला तरी पुरेसा दाब उत्पन्न होतो. कान उघडा असला म्हणजे हवा बाजूनें निसटते. त्यांतहि पडदा पुढें सरला कीं पुढची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. ह्या दोन लाटा एकमेकींस मिळून नाहींशा होतात. हा तोटा खालच्या सुरांचा अधिक होतो, कारण त्यांच्या लाटा लांब असतात. सेकंदास १०० कंपनें असलेल्या सुराची लाट ३.४ मीटर लांब असते; ३४०० कंपनांच्या सुराची केवळ १० सेंटिमीटर. लांब लाटेला इवल्या पडद्याला वळसा घालण्यास कांहींच अडचण पडत नाहीं.

कारखानदार यावर दोन उपाय करितात. पडदा मोठा घेतात, आणि खालचे सुर विजेच्या करामतीनें वाढवितात. स्वस्त साधनांत दुसऱ्या उपायाचा अतिरेक होतो. आवाज वाढविला कीं तो फाटतो. म्हणून दुकानांत परीक्षा करितांना मंद आवाजावर भुलूं नये. थोडा वेळ मध्यमाहून किंचित् वर नेऊन खर्ज फाटतो कीं काय, तें पाहावें. इयरबड दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे सरकला तरी आवाज बदलतो. तेव्हां नीट बसवूनच निकाल द्यावा.

मात्र विद्यार्थ्याचें मुख्य काम संगीत नसून शब्द हें आहे. पूर्वींचे टेलिफोन ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यांतलाच आवाज नेत असत, तरी सर्व जगाचा व्यवहार त्यांवर चालला. कारण मनुष्याच्या बोलण्याचा अर्थ बहुतेक याच पट्ट्यांत सांपडतो. पाठ, बातम्या, व्याख्यान, इंग्रजी उच्चारांचा अभ्यास यांसाठीं स्वस्त ओपन-इयर इयरबडाचा आवाज पुरेसा होय. संगीताचा अभ्यास करणाऱ्यानें मात्र खर्जाची अपेक्षा त्याजकडून ठेवूं नये.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. जो आवाज आपल्या कानाशीं सोडला जातो, त्यांतला थोडा बाहेरहि जातो. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज उलट लाट सोडून मारण्याची युक्ति पुष्कळ साधनांत असते. तिनें तो कमी होतो, नाहींसा होत नाहीं. यास्तव शांत वाचनालयांत, किंवा एकाच खोलींत दुसरें भावंड अभ्यास करीत असतां, हीं साधनें मोठ्यानें वापरणें सभ्यपणाचें नव्हे.

कानाचें सुख

दोन्ही कान बोटांनीं घट्ट बंद करा आणि ओठ मिटून गुणगुणा. आपलाच आवाज डोक्यांत घुमूं लागतो. बोटें काढा, घुमणें थांबतें. बुचाचे इयरबड घालून बोलतांना, चालतांना, घांस चावतांना जें चमत्कारिक घुमणें जाणवतें, तें याच कारणानें. उघड्या कानाच्या साधनांत तें नसतें. नळींत हवा खेळती राहते, घाम सांचत नाहीं, मळ आंत लोटला जात नाहीं. ज्यांच्या कानाची नळी नाजूक आहे त्यांना हा मोठाच आराम वाटतो.

परंतु वस्तु बाहेर टांगली म्हणजे तिचा भार बाहेरच्या कानावर येतो. प्रत्येकाचें वजन सामान्यतः पांच ते दहा ग्रॅम, म्हणजे फार नव्हे. तरी आंकड्याचा प्रकार चष्मा, मफलर, मुंडासें किंवा हेल्मेट यांच्याशीं भांडतो. चष्मा वापरणाऱ्या मुलास चिमट्याचा प्रकार बरा. उलट चिमट्याचा दाब तास-दीड तासांत कानाच्या कडेला जाणवूं लागतो, आणि कानांत कुड्या, बुगडी असल्यास अधिकच. तेव्हां दोन्ही प्रकार निदान पंधरा मिनिटें घालून पाहिल्यावांचून घेऊं नयेत. लहान मुलांच्या कानांवर प्रौढांच्या मापाचे आंकडे सैल बसतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आपल्या पश्चिमेकडील डोंगरी गांवांत पावसाळा कडक असतो. डबीवर ‘आयपीएक्स ४’ असें लिहिलें असेल, तर त्याचा अर्थ चोहोंकडून उडालेल्या शिंतोड्यांपासून रक्षण, एवढाच होतो. पाण्यांत बुडाल्यास त्याची हमी नाहीं. घामानें ओला झालेला इयरबड पुसून, वाळवून मगच डबींत ठेवावा.

किती मोठ्यानें?

कान उघडा ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला, असा समज करून घेणें घातक होय. आवाजाचें माप डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणें प्रौढांस आठवड्यांतून ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणें चालतें. मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. दर तीन डेसिबल वाढले कीं कानांत शिरणारी शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. प्रौढाला ८३ डेसिबलवर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५ तासच उरतात.

आतां एस.टी.चा प्रवास डोळ्यांपुढें आणा. एंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, रस्त्यावरचे भोंगे. बुचाचा इयरबड हा गोंगाट अडवितो. ओपन-इयर इयरबड कांहींच अडवीत नाहीं. मग गाणें ऐकूं यावें म्हणून मुलगा आवाज वाढवितो, आणि गोंगाट व गाणें दोन्ही त्याच्या कानावर आदळतात. मोकळा कान शांत ठिकाणीं वरदान आहे. गोंगाटांत त्याचा आवाज चढविणें हें कानाला महाग पडतें. आंतल्या कानांत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. त्यांच्या हलण्यानेंच नादाची जाणीव मेंदूस पोंचते. ऊस तोडला तरी खोडव्याला फुटवा येतो. या पेशी एकदां मेल्या कीं त्यांना फुटवा येत नाहीं. यास्तव नियम सोपा ठेवावा: बसमध्यें नीट ऐकूं येईना, तर आवाज वाढवूं नये, इयरबड काढून डबींत ठेवावे.

बिबट्याच्या मुलुखांत

आतां आपल्या तालुक्यांचा विशेष प्रश्न. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, डिंभे, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगे या धरणांनीं येथील शेती फुलली, उसाचीं रानें वाढलीं. आणि त्या रानांत आडोसा, पाणी व भक्ष्य मिळाल्यामुळें बिबटे उसांतच जन्मूं व वाढूं लागले. जुन्नर वनविभागांत, म्हणजे जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत, बिबट्यांनीं माणसें, विशेषतः लहान मुलें, मारल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा केंद्र आहे, तें याच संकटामुळें.

बिबट्याच्या पायांस गाद्या असतात; त्याचें पाऊल वाजत नाहीं. कान आपणांस जी सूचना देतात ती बहुधा त्याच्या पावलांची नसते. त्याला आधीं पाहिलेल्या प्राण्यांची असते. वस्तीवरचीं कुत्रीं एकाएकीं एकाच दिशेस भुंकूं लागतात, टिटवी ओरडत उठते, डोंगराकडे वानरें खाकरतात, गोठ्यांतलीं जनावरें बुजतात. आणि हा आवाज कोणत्या दिशेचा, हें आपणांस दोन कानांमुळें कळतें. एका बाजूचा आवाज त्या कानास दुसऱ्याच्या किंचित् आधीं पोंचतो. हें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतें, तरी मेंदु त्यावरून दिशा ठरवितो. बुचाचे इयरबड ही विद्या निकामी करितात. उघड्या कानाचे ती बरीचशी शाबूत ठेवितात. पुणें-नाशिक रस्त्याच्या कडेनें सायकलवर शाळेस येणाऱ्या मुलास मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर कोणत्या अंगानें येतो, हें याच विद्येनें कळतें. अशा रस्त्यावर सायकल किंवा कोणतेंहि वाहन चालवितांना मात्र कसलेच इयरबड घालूं नयेत; कारण एक आवाज मोठा असला म्हणजे दुसरा मंद आवाज त्याखालीं झांकला जातो. कान उघडा असतो, पण मन गाण्यांत गुंतलेलें असतें. मोकळा कान म्हणजे सावध कान नव्हे.

रात्रीच्या विजेवर उसाला किंवा कांद्याला पाणी देण्यास जाणाऱ्यांसाठीं एक गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. अंधारांत एकट्यानें जाऊं नये, हातांत काठी व विजेरी असावी, मोठ्यानें बोलत किंवा मोबाइलवर मोठ्यानें गाणीं लावून जावें, असें सांगितलें जातें. कारण माणसाची चाहूल आधींच लागली तर बिबट्या बहुधा बाजूला होतो. मोबाइलचा तोच आवाज इयरबडांत कोंडला, तर आपण गाणें ऐकतों, पण आपली चाहूल कोणालाच लागत नाहीं. आपल्या चालण्याला राखण करणारा नाद आपण आपल्याच कानांत बंद करून टाकतों. साधन बुचाचें असो वा उघड्या कानाचें, या बाबतींत दोहोंत कांहीं अंतर नाहीं. म्हणून रात्रीं शेतावर जातांना इयरबड घरीं राहूं द्यावे आणि आवाज बाहेर असूं द्यावा.

पालकांस व विद्यार्थ्यांस

एकंदरींत असें दिसतें, कीं स्वस्त ओपन-इयर इयरबडांत खर्जाचा भरदारपणा थोडा कमी मिळतो आणि त्या बदल्यांत कानाची मोकळीक मिळते. घरीं बसून पाठ ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास, कामें करीत बातम्या ऐकणाऱ्या आईस, दुकानांत गिऱ्हाइकाची हांक ऐकूं यावी अशी ज्याला गरज आहे त्या दुकानदारास हा सौदा फायद्याचा आहे. ज्याला संगीताचा घुमारा पाहिजे, किंवा ज्याचा बहुतेक वेळ बसच्या गोंगाटांत जातो, त्याला तो फायद्याचा नाहीं.

साधन घरीं आल्यावर पालकांनीं एक परीक्षा अवश्य करावी. मुलास इयरबड घालून नेहमींच्या आवाजावर गाणें लावावयास सांगावें; नंतर त्याच्या पाठीमागें दहा पावलांवर उभें राहून साध्या आवाजांत त्याचें नांव घ्यावें. तो पहिल्याच हांकेस वळला तर आवाज योग्य आहे. न वळला तर एक एक पायरीनें आवाज उतरवीत जावें, व ज्या पायरीवर तो वळेल ती मोबाइलमध्यें कायमची मर्यादा म्हणून बांधून ठेवावी. या परीक्षेस पैसा लागत नाहीं, आणि दर महिन्यास ती पुन्हां करण्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत.